खिळ्यांचं रक्त

आमचे भाऊजी सोफे आणि खुर्च्या मढवायचे. लाकडाच्या उघड्या सांगाड्यावर तागाचे पट्टे ताणायचे, स्प्रिंगा बांधायच्या, काथ्या भरायचा आणि वरून कापड खेचून बारीक खिळ्यांनी ठोकत जायचं. या कामाला दोन हात पुरत नाहीत. एका हातात ताणलेलं कापड, दुसऱ्यात हातोडी, मग खिळे धरायला तोंडच उरतं. जुने कारागीर मूठभर खिळे तोंडात टाकतात, जिभेनं फिरवून एकेक ओठांपाशी आणतात आणि चुंबकाच्या हातोडीनं तो उचलून थेट लाकडात ठोकतात. भाऊजींचा हात चालू असला की रस्त्यावरची माणसं दारात थांबून बघायची. आता खिळे मारायची बंदूक निघाली आहे, हवेवर चालते. भाऊजी तिला "फटाकडी" म्हणायचे आणि शिवायचे नाहीत.

मी त्यांचा मेव्हणा. माझा टेम्पो आहे आणि त्यांचे तयार सोफे लोकांच्या घरी पोचवायचं काम माझ्याकडे. त्यामुळे माझा अर्धा दिवस त्यांच्या दुकानातल्या एखाद्या अर्धवट खुर्चीवर बसून जायचा. "मेव्हण्याला बसायला दिलं की खुर्चीची परीक्षा होते," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. माझ्या वजनावरचा हा विनोद त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही बदलला नाही.

दुकानाच्या मागेच घर. मधे एक दार आणि त्या दारात बहुधा माझी ताई.

लग्नानंतर काही वर्षांनी ताई फार आजारी पडली होती. औषधांनी जीव वाचवला, पण कान नेले. दोन्ही कान, पूर्ण. त्या दिवसांत ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि भाऊजी तिच्या आणि भिंतीच्या मधे जाऊन बसायचे. तिथे बसून बोलायचे. एकच वाक्य दहा वेळा, ओठ नीट उघडून, न वैतागता. हळूहळू ताईला त्यांचं बोलणं दिसायला लागलं. पुढे तर ते तिला इतकं सरावाचं झालं की नवरा-बायकोची भांडणंसुद्धा पूर्वीसारखी तोंडाला तोंड देऊन व्हायला लागली. भांडण परत आलं तेव्हा माझ्या आईनं सुटकेचा निःश्वास टाकला होता.

पण तिला वाचता यायचं ते फक्त भाऊजींचं तोंड. बाकी सगळ्यांचं निम्मंशिम्मं. मला तर ती सरळ सांगायची, "तू आधी ती मिशी काप, नाहीतर गप्प बस." बाजारात, दवाखान्यात, पाहुण्यांत ती लोकांकडे न बघता भाऊजींकडे बघायची आणि ते सगळ्यांचं बोलणं आपल्या तोंडानं तिला पुन्हा सांगायचे. गिऱ्हाइकाशी ते खिळे तोंडात ठेवूनच "हूं, हूं, शुक्रवारी" असं काहीतरी गुरगुरायचे. ताई दारात आली की मात्र सगळे खिळे तळहातावर काढून ठेवायचे आणि मग बोलायचे. कोणी माझ्या ताईला बहिरी म्हटलं की माझं डोकं फिरतं. भाऊजी समोर असताना ती बहिरी नव्हतीच.

आता रक्ताचं सांगतो, कारण सगळी माती तिथेच झाली.

भाऊजींच्या थुंकीत लाल असायचं. कामावरून उठले की चूळ भरायचे आणि मोरीत गुलाबी पाणी जायचं. मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी दचकलो, तर ते हसले. "अरे, हे खिळ्यांचं रक्त. आमच्या धंद्यात सगळ्यांनाच येतं." त्यांना काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे, की मढवणाऱ्याच्या हिरड्या टोचून टोचून कडक होतात, रक्त आलं तर मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची आणि हात चालू ठेवायचा. उस्ताद शेवटी बोळका झाला होता, पण ते म्हातारपणामुळे असं सगळ्यांनी धरून चाललं. खिळा टोचला तर रक्त येतंच की. पण रविवारी दुकान बंद असतानाही पावाच्या तुकड्यावर लाल डाग पडायचा, तो कुठल्या खिळ्याचा, हे कोणी विचारलं नाही. तोंडात रोज खिळे ठेवणाऱ्या माणसालाच ही चूक करता येते. दुसरा कोणी असता तर घाबरून डॉक्टरकडे गेला असता.

वर आणखी शहाणपण. रक्त येतं म्हणून ते हिरडीला ब्रश लावायचे नाहीत. दातांच्या टोकांवरून फिरवायचा आणि झालं. "जखमेवर कोणी घासतं का? तिला आराम द्यायचा असतो." ऐकायला किती बरोबर वाटतं! तंबाखू नाही, सुपारी नाही, दुखणं तर अजिबात नाही, त्यामुळे आपले दात मरेपर्यंत आपल्याला साथ देणार याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. तोंडाला वास यायला लागला होता, पण दुकानात चोवीस तास लाकूड चिकटवायचा सरस शिजत असल्यासारखा दर्प. त्यात तोंडाचा वास कोण वेगळा काढणार?

ओळखलं ते ताईनं. दिवसभर त्यांच्या तोंडाकडे बघणारी तीच तर होती. एकदा जेवताना ती एकदम म्हणाली, "अहो, पुन्हा बोला."

"काय बोलू?"

"आत्ता बोललात तेच. ताट, ताट म्हणा."

भाऊजी म्हणाले, "ताट."

"तुमचा पुढचा दात हलतो. जीभ लागली की पुढे येतो. आणि मधे फट पडलीये, ती मागच्या वर्षी नव्हती." तिनं माझ्याकडे बघितलं. "तू बघ रे. हिरडी वर गेलीये, दात केवढा लांब दिसतोय."

मी वाकून बघितलं. खरंच होतं. हिरड्यांच्या कडा लालजांभळ्या, सुजलेल्या, आणि दातांच्या मुळाशी पिवळा-काळा थर बसलेला. मी म्हटलं, "भाऊजी, उद्या डॉक्टर."

"उद्या त्या वकिलाचा दिवाण द्यायचाय."

मग वकिलाचा दिवाण झाला, एका हॉटेलाच्या खुर्च्या झाल्या, पुतणीचं लग्न झालं. ताई रोज मागे लागायची आणि ते रोज नवीन कारण काढायचे. मला वाटायचं, घाबरतात सुईला. एवढा मोठा माणूस, तोंडात खिळे घेऊन हिंडतो आणि सुईला घाबरतो, म्हणून मी त्यांची यथेच्छ टर उडवली. एक दिवस टेम्पोत सोफा चढवताना ते माझ्यावर खेकसले, "डॉक्टर काय करणार माहितीये? दात काढणार. दात काढले की उस्तादासारखं तोंड आत जाणार. मग ही काय वाचणार? माझं कपाळ?"

 त्या भीतीपोटी ते आणखी लग्नसराईचे दोन हंगाम, म्हणजे दोन वर्षं, डॉक्टरकडे गेले नाहीत, आणि ते दोन हंगामच नडले.

शेवटी गालावर सूज आली, हिरडीतून पू यायला लागला, तेव्हा ताईनं त्यांना हाताला धरून नेलं. मीही गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं आजीसारखं स्वच्छ. भाऊजी त्यांच्या त्या खुर्चीत आडवे झाले आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर हाताखालची शिवण चाचपली. "ही कोणी मढवली? उसवणार ही," असं उघड्या तोंडानंच म्हणाले. बाई हसल्या. मग त्यांनी एक बारीक, खुणा केलेली सळई घेऊन प्रत्येक दाताच्या कडेनं हिरडीत घालून बघितली, आणि हसणं थांबलं. सळई जिथे जेमतेम टेकायला हवी होती तिथे ती आत, आत जात होती. एक्स-रे काढला. पडद्यावर पांढऱ्या दातांच्या खाली करडं हाड दिसत होतं, पुढच्या दातांपाशी ते जवळजवळ नव्हतंच.

"खिळ्यांचा यात दोष नाही," बाई म्हणाल्या. "खिळा टोचला तर एका जागी टोचेल आणि चार दिवसांत भरून येईल. हे सगळीकडे आहे. दातांवर जो चिकट थर बसतो तो रोज निघाला नाही की त्याचं कीटण होतं, ते हिरडीच्या आत उतरतं, हिरडी दाताला सोडते आणि आतलं हाड झिजत जातं. दुखत नाही, म्हणून कळत नाही. रक्त येणं हीच त्याची हाक असते. तेव्हा ब्रश थांबवायचा नसतो काका, उलट हिरडीच्या कडेवर हलक्या हातानं नीट फिरवायचा असतो, आणि कीटण काढायला आमच्याकडे यायचं असतं."

भाऊजी हे सगळं ताईला आपल्या तोंडानं सांगत होते. आपल्याच तोंडाची बातमी. बाई हे बघत राहिल्या. मग त्यांना कळलं असावं, कारण त्या जरा थांबून म्हणाल्या, "मागच्या दाढा बऱ्याचशा वाचतील. आतून साफ करू, तुम्ही घरी नीट काळजी घ्या, दर काही महिन्यांनी दाखवायला या. हिरड्या पुन्हा घट्ट बसतील. गेलेलं हाड मात्र येत नाही. पुढचे वरचे-खालचे दात…"

"पुढचे तेवढे ठेवा," भाऊजी म्हणाले. "मागचे सगळे न्या हवं तर."

बाई म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी आला असतात, तर ठेवले असते."

हे वाक्य मात्र भाऊजींनी ताईला सांगितलं नाही.

उपचार सुरू झाले. भूल देऊन एकेक भाग आतून खरवडून काढला. भाऊजींनी कधी कुठल्या देवाचं जेवढ्या नेमानं काही केलं नव्हतं, तेवढ्या नेमानं ते दात घासायला लागले. दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश आणला. खिळे तोंडात घ्यायचं बंद करून तीच फटाकडी विकत आणली, कारण बाई म्हणाल्या होत्या की हलणाऱ्या दातांवर भार नको. महिन्याभरात रक्त थांबलं, सूज उतरली, हिरड्या गुलाबी झाल्या. मला वाटलं, जिंकलो. पण पुढचे दात हिरड्या उतरल्यावर आणखीच लांब दिसायला लागले आणि वाऱ्यानं हलावेत तसे हलायला लागले.

ते काढायचं ठरलं, तेव्हा त्या दोघांनी जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. रोज संध्याकाळी दुकान बंद करून भाऊजी स्वयंपाकघरात ताईसमोर बसायचे, ओठ दातांवर दुमडून घ्यायचे, बोळक्या म्हाताऱ्यासारखे, आणि बोलायचे. तालीम. दात गेल्यावर तोंड कसं दिसेल ते तिला आधीच पाठ व्हावं म्हणून. "पाणी," "किल्ली," "मेव्हणा जाड झालाय." ताईला आधी काही कळायचं नाही, मग कळायचं, आणि दोघं हसून हसून लोळायची. मलाही हसवायची. त्या संध्याकाळी त्यांच्या घरात जेवढं हसू होतं तेवढं आधीही नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

दात निघाले, आणि तालमीचा काहीएक उपयोग झाला नाही. ओठ दुमडून धरणं वेगळं आणि आधारच गेल्यावर ओठ आत पडणं वेगळं. मग खोट्या दातांची पट्टी बसवली. ओठ पुन्हा भरल्यासारखे दिसले, फोटो काढला तर पूर्वीसारखे. पण हाड झिजलेलं, पट्टी धड बसेना. ती निसटेल या धास्तीनं भाऊजी ओठ आवळून, जपून बोलायला लागले. बाईंनी दोनदा घासून दिली, थोडी बरी झाली. जेवता यायचं, लोकांशी बोलता यायचं. मला त्यांचं सगळं समजायचं. मी कानानं ऐकत होतो ना!

ताई मान डोलवायची. भाऊजी काही बोलले की हसून मान डोलवायची. आधी मला वाटलं, जमलं हिला. मग लक्षात आलं की ती आता उलट उत्तर देत नाही. भांडत नाही. "शेजारच्यांकडे पाणी आलं का?" असं विचारलं तरी नुसती मान डोलवते. एकदा ती टेम्पोपाशी आली आणि मला म्हणाली, "मला त्यांचं काही कळत नाही रे. परका माणूस बोलतोय असं वाटतं. पण तू बोलू नकोस. त्यांनी फार सोसलंय." मी म्हटलं, लिहून दाखवायला सांग, मोबाइल आहे. तर म्हणाली, "किराणा लिहून होतो. गप्पा लिहून होतात का? राग लिहीपर्यंत उतरून जातो माणसाचा."

मला भयंकर राग आला. कोणावर, ते कळेना. उस्तादावर, खिळ्यांवर, त्या दोन हंगामांवर. मी टेम्पो न काढता परत आत गेलो आणि भाऊजींना म्हटलं, "तुम्हाला काही दिसतं का? ताईला तुमचं ओ की ठो समजत नाही!"

ते एका जुन्या आरामखुर्चीचं कापड उसवत होते. हात थांबला नाही. "माहितीये."

"माहितीये? मग रोज संध्याकाळी तासभर तिच्याशी काय बोलत बसता?"

त्यांनी कापडातला आणखी एक खिळा उपटला. मग म्हणाले, "माफी मागतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दोन वर्षं आधी आला असतात तर वाचले असते. हे तिला सांगायची छाती नव्हती. ती रोज सांगत होती, जा, जा, आणि मी तिच्यासाठीच थांबतोय असं समजून थांबलो. तिचे कान मीच घालवले दुसऱ्यांदा. आता ते रोज सांगतो. तिला कळत नाही, म्हणूनच सांगवतं. मी माफ कर म्हणतो, ती हसून मान डोलवते. तेवढ्यावर झोप लागते मला."

असं बोलून ते रडले. पट्टी निसटू नये म्हणून ओठ घट्ट मिटून रडले. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं, आणि पुन्हा बघायची ताकद माझ्यात नाही.

दारात ताई उभी होती. तिला अर्थातच काही ऐकू आलं नव्हतं. पण नवरा रडतोय हे दिसायला कान लागत नाहीत. तिनं माझा दंड धरला. "काय म्हणाले ते? खरं सांग."

भाऊजी मानेनं नको नको म्हणत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि सांगितलं. मिशीवर हात दाबून धरून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. तिला निम्मं कळलं नाही, मी पुन्हा सांगितलं. दोन वर्षं. रोज. माफी. शेवटी कळलं तेव्हा तिचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं, केलं ते चुकलं.

ती जाऊन त्यांच्यासमोर उघड्या स्प्रिंगांच्या स्टुलावर बसली. तिचा आवाज बिनकानाच्या माणसाचा, जरा मोठाच असतो. तो सगळ्या दुकानात भरला.

"मी नाही केलं माफ," ती म्हणाली. "मला कळलंच नाही तर मी माफ कशी करणार? वर्षभर फुकट मान डोलवून घेतलीत माझी. आता मला कळेल असं मागा."

भाऊजींनी ओठ उघडले. काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं, पण ते माझ्यासाठी नव्हतं.

ताईनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं, डोळे बारीक करून, परक्या गावातली पाटी वाचावी तसं. मग मान हलवली.

"नाही कळलं," ती म्हणाली. "पुन्हा."

ते पुन्हा म्हणाले.

"पुन्हा."